वन्यजीव-संवर्धनातील लोकसहभाग (वऱ्हाड)

वन्य प्राणी व त्यांचे अधिवास यांच्या रक्षणासाठी शास्त्रज्ञ आणि स्थानिक समाज यांनी एकत्रितपणे केलेले कार्य. यात अधिवासाचे ज्ञान, पाहणी, नियम ठरविणे व त्यांचे पालन या चारही बाबतींत स्थानिकांचा वाटा असतो. केवळ मजूर वा वाटाडे म्हणून त्यांचा उपयोग करून घेणे याला लोकसहभाग म्हणत नाहीत.

बेटावरील प्राणिजाती मर्यादित क्षेत्रात राहत असल्यामुळे लवकर नष्ट होतात. वऱ्हाडात समुद्र नसला, तरी कापूस व सोयाबीनच्या शेतांनी वेढलेले गवताळ माळ आणि सपाट प्रदेशालगत उभे असलेले मेळघाटचे डोंगर यांची स्थिती बऱ्याच अंशी बेटांसारखीच आहे. या दोन्ही क्षेत्रांना जोडणारे एक उदाहरण म्हणजे पक्षिशास्त्रज्ञ रवी शंकरन (१९६३–२००९) यांचे कार्य होय. त्यांचे आरंभीचे संशोधन तणमोराच्या प्रजननवर्तनावर होते. पुढे अंदमान व निकोबार बेटांवर खाद्य घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांचा त्यांनी अभ्यास केला. लाळेपासून बनलेली ही घरटी गुहांमधून अनिर्बंध गोळा केली जात असल्याने पाकोळ्यांची संख्या झपाट्याने घटली होती. शंकरन यांनी वनविभागाच्या साहाय्याने घरटी काढणाऱ्यांनाच गुहांचे रक्षक केले. पिले उडून गेल्यावरच घरटे काढावे, हे त्यामागील तत्त्व होते. ज्याला प्राणी कोठे सापडतो हे ठाऊक असते, तोच त्याचे रक्षण उत्तम करू शकतो, हे यातून दिसून आले.

तणमोर व फासेपारधी : तणमोर (शास्त्रीय नाव सायफिओटायडीस इंडिकस) हा माळढोकाच्या कुलातील भारतातील सर्वांत लहान पक्षी असून त्याची लांबी सु. ४५–५० सेंमी. असते. पावसाळ्यात तो वऱ्हाडच्या माळांवर प्रजननासाठी येतो. या काळात नर काळा-पांढरा दिसतो व त्याच्या डोक्यामागे फितीसारखी लांब पिसे असतात. मादीला आकर्षित करण्यासाठी तो गवतातून सु. दीड ते दोन मी. उंच उड्या मारतो. एका दिवसात अशा शेकडो उड्या होतात. मादी जमिनीवर अंडी घालते आणि एकटीच ती उबविते. गवतात दडून राहणारी मादी क्वचितच दिसते. म्हणून गणना बहुधा उड्या मारणाऱ्या नरांवरूनच करावी लागते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२१ मध्ये या जातीचा समावेश अतिसंकटग्रस्त वर्गात केला.

तित्तर, लावे इ. पक्षी फाशात पकडणे हा फासेपारध्यांचा परंपरागत व्यवसाय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरविले गेले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तथापि कलंक पुसला गेला नाही. पुढे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीस बंदी झाली व पर्यायी उपजीविका न मिळता त्यांचा पूर्वीचा व्यवसाय बेकायदा ठरला. मात्र कोणत्या गवतात कोणता पक्षी वीण करतो, नर कोणत्या उंचवट्यावर उडी घेतो, मादी घरट्याकडे कशी परतते, याचे सूक्ष्म ज्ञान त्यांच्यापाशीच राहिले. अशा ज्ञानाचा शास्त्रीय उपयोग नवा नाही. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याच्या कामासाठी बिहारमधील परंपरागत मिरशिकारांची मदत घेतली होती.

अकोला व वाशीम (१९९८ पर्यंत अकोल्याचाच भाग) या जिल्ह्यांत ‘संवेदना’ या संस्थेने कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या पुढाकाराने फासेपारध्यांसह गवताळ माळांच्या रक्षणाचे कार्य उभे केले. बार्शीटाकळी तालुक्यातील वडाळा हे त्याचे उल्लेखनीय ठिकाण होय. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणे, चराई व वणवा यांवर नियंत्रण ठेवणे आणि वीण संपेपर्यंत गवत उभे राहू देणे, ही अशा कार्याची मुख्य अंगे आहेत. राखलेल्या माळावर पवन्या, मारवेल यांसारखी चांगल्या चाऱ्याची गवते वाढतात. त्यामुळे पक्षी व पशुपालक या दोघांचेही हित साधते.

मेळघाट : अमरावती जिल्ह्यातील मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ मध्ये घोषित झाला. येथील प्रमुख आदिवासी जमात कोरकू होय. वाघाप्रमाणेच रानपिंगळ्यासाठीही हे जंगल महत्त्वाचे आहे. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णन केलेला हा पक्षी १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ निश्चितपणे आढळला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये पॅमेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. नंतरच्या पाहणीत मेळघाटात त्याची चांगली संख्या आढळली. घुबडवर्गाला अशुभ मानून मारणे आणि अंधश्रद्धेपोटी त्याच्या अवयवांचा वापर करणे हे त्याला असलेले धोके केवळ पहाऱ्याने टळत नाहीत. त्यांसाठी गावातूनच मतपरिवर्तन व्हावे लागते. वनहक्क कायदा, २००६ मुळे ग्रामसभांना जंगल राखण्याचा कायदेशीर आधार मिळाला. अचलपूर परिसरातील पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ओसाड वनजमिनीवर झाडे वाढविली आणि सीताफळांच्या विक्रीतून उत्पन्न मिळविले.

मर्यादा : ‘ई-वर्ग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गायरान जमिनी पडीक समजून तेथे वृक्षारोपण, नांगरट किंवा बांधकाम केल्यास तणमोराचा अधिवास कायमचा नष्ट होतो. वृक्षारोपण सर्वत्र हितकारकच असते, ही समजूत येथे लागू पडत नाही. ज्या माळाचे रक्षण पारधी करतात, त्यावर त्यांचा हक्क बहुधा नसतो. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभाक्षेत्रातील गावांचे पुनर्वसन हाही असाच नाजूक प्रश्न आहे. स्थानिकांचे ज्ञान घ्यावयाचे, पण निर्णयात त्यांना स्थान द्यावयाचे नाही, अशा पद्धतीने सुरू झालेले प्रयत्न फार काळ टिकत नाहीत. शिवाय तणमोर वीण संपताच हे माळ सोडून जातो. म्हणून एका गावाने माळ राखणे आवश्यक असले, तरी पुरेसे नाही; पक्ष्याच्या संपूर्ण प्रवासमार्गावर अशी गावे असणे गरजेचे आहे.