पट्ट्यावरची विश्रांती

किल्ला म्हटला की वेढा, सुरुंग, बुरुजावरची झटापट हेच आठवतं. अकोले तालुक्यातला पट्टा किल्ला मात्र ओळखला जातो तो थकलेल्या फौजेला त्याने दिलेल्या आसऱ्यासाठी. त्याचं दुसरं नावच विश्रामगड.

नोव्हेंबर १६७९. मोगलांची श्रीमंत पेठ जालना लुटून शिवाजी महाराज परतत होते. लुटीच्या ओझ्याने फौजेची चाल मंदावलेली. संगमनेरजवळ मोगल सरदार रणमस्तखानाने गाठलं आणि त्याला थोपवताना महाराजांचा सरदार सिधोजी निंबाळकर कामी आला. मागून मोगलांची आणखी कुमक येत होती. अशा वेळी महाराजांचा हेर बहिर्जी नाईक याने आडवाटा धरल्या आणि तीन दिवस, तीन रात्री चालून फौज पट्ट्यावर पोचली. महाराजांनी इथे काही दिवस मुक्काम केला. जालन्याची ही त्यांची शेवटची मोठी मोहीम. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर त्यांचं निधन झालं.

पट्टाच का?

समुद्रसपाटीपासून सुमारे १३९० मीटर उंचीचा हा गड. माथा ऐसपैस, खडकात कोरलेली पाण्याची टाकी भरपूर आणि शेजारी औंढा किल्ल्याचा पहारा. याच डोंगरांत उगम पावणारी म्हाळुंगी संगमनेरला प्रवरेला मिळते. शिवाय पेशवे मोरोपंत पिंगळ्यांनी काही वर्षांपूर्वीच गड स्वराज्यात आणलेला होता. महाराजांच्या पश्चात, १६८८ मध्ये, मोगलांनी तो पुन्हा घेतला.

पायथ्याच्या पट्टेवाडीपर्यंत गाडी जाते, पुढची चढण घरच्या लहानग्यांनाही झेपेल अशी. वर पट्टाई देवीचं मंदिर, अंबरखान्याची दणकट इमारत आणि त्र्यंबक दरवाजा आहे. बहुतेक मंडळी अंबरखान्यापाशी फोटो काढून परत फिरतात, हे काही खरं नाही. पठार पुरतं पायाखाली घातल्याशिवाय इथे फौज का थांबली ते उमगत नाही. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात; ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

गडावर महाराजांच्या मुक्कामाची गोष्ट मुलांना जरूर सांगा. पण ती संगमनेरपासून सुरू करा आणि सिधोजी निंबाळकराचं नाव गाळू नका.