‘बघू’ म्हणजे मत नाही, आणि ऑर्डरही नाही!



गेल्या वर्षी वसईतलं एक वर्कशॉप संपल्यावर बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्यासाठी थांबली. म्हणाली, "सर, मला वर्गप्रतिनिधी म्हणून उभं राहायचंय. पण बाबा म्हणतात, त्यापेक्षा गाळ्यावर येऊन बस, निदान बिलं तरी लिहून होतील." बाबांचा वालीवला छोटा गाळा आहे, पॅकिंगचे खोके बनवतात.

बाबांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. धंद्यात एक माणूस वाढला की काय फरक पडतो, ते गाळा चालवणाऱ्यालाच कळतं. पण मी तिला म्हटलं, "उभी राहा. अनोळखी माणसासमोर जाऊन ‘मला द्या’ म्हणायला शिकलीस, तर ते गाळ्यावरही उपयोगी पडेल." आपल्यापैकी किती जण माल चांगला असूनही ऑर्डर मागताना अडखळतात, आठवून बघा.

ही संधी मधली पंचवीस वर्षं नव्हतीच

1989 साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. कॉलेजच्या निवडणुकांमधल्या मारामाऱ्यांची चर्चा आधीपासून होतीच. पुढे 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यात थेट निवडणूक गेली आणि मार्कांवरून प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. 2016 च्या नव्या कायद्यात निवडणूक परत आली. अध्यक्ष, सचिव, विद्यार्थिनी प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी आणि प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी मुलांनीच निवडायचा. 2019 मध्ये मतदानाची तयारी झाली, पण विधानसभा निवडणुकीमुळे ते पुढे ढकललं गेलं. मग कोरोना आला.

म्हणून पहिलं काम हे, की तुमच्या कॉलेजात मतदान होतं की नेमणूक होते, ते ऑफिसात जाऊन विचारा. परिषदेची निवडणूक नसली तरी बऱ्याच ठिकाणी वर्गप्रतिनिधी, फेस्टिव्हलची कमिटी, एनएसएसचा लीडर यासाठी माणूस लागतोच.

पाच हजारांत प्रचार

माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीने विद्यार्थी निवडणुकांसाठी नियम सुचवले आणि 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते लागू करायला सांगितले. धंदा करणाऱ्याने हे नियम एकदा वाचावेत असेच आहेत:

- एका उमेदवाराला जास्तीत जास्त 5000 रुपये खर्च.
- छापील पोस्टर बंद, हाताने केलेलं चालेल.
- अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं 10 दिवसांत.
- हजेरी किमान 75 टक्के.
- निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशोब द्यायचा.

थोडं भांडवल, जाहिरातीला पैसे नाहीत, वेळ कमी आणि शेवटी वही दाखवायची. नवीन धंद्याचं पहिलं वर्ष याहून वेगळं असतं का?

तीन रकाने

त्या मुलीला मी विचारलं, "वर्गात मुलं किती?" म्हणाली, 72. "तुला मत कोण देणार?" म्हणाली, "सगळे आपलेच आहेत, सर."

मी तिला वहीत तीन रकाने आखायला लावले. हो, बघू, नाही. प्रत्येकाला समोरासमोर भेटायचं आणि थेट विचारायचं, "मी उभी आहे, मला मत देशील का?" व्हॉट्सॲपवर विचारायचं नाही. अंगठा पाठवायला काय लागतं?

चार दिवसांनी वही घेऊन आली. स्वतःला धरून हो 19, नाही 15, बघू 38. चेहरा पडला होता. मी म्हटलं, "रडू नकोस. आज तुला पहिल्यांदा खरा आकडा कळलाय."

आता त्या 38 जणांकडे परत जायचं. पण मत मागायला नाही. फक्त एक प्रश्न विचारायचा, "कॉलेजमध्ये तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" तिच्या आधीच्या यादीत कँटीनचे दर कमी करणं होतं, नवीन पंखे होते, म्हणजे तिच्या हातात नसलेल्याच गोष्टी. मुलांनी सांगितलं ते वेगळंच निघालं. सफाळे, केळवे रोड, पालघरकडून येणाऱ्यांचं म्हणणं होतं, "लेक्चर रद्द झालेलं आम्हाला इथे पोहोचल्यावर कळतं." डहाणूपर्यंत लोकल 2013 पासून धावते, पण विरारच्या पुढे गाड्या कमी. एक लेक्चर रद्द झालं तर त्या मुलांचा अर्धा दिवस जातो.

तिने बाकीची यादी खोडली आणि एकच शब्द दिला. सकाळी सरांना विचारून लेक्चरचा मेसेज ग्रुपवर टाकणार. निवडून येण्याची वाटही बघितली नाही, दुसऱ्या दिवसापासून सुरूच केलं. फुकट सँपल म्हणा हवं तर!

निकाल

सरांनी चिठ्ठ्यांवर मतदान घेतलं. 66 जण हजर होते. समोरच्या मुलाला 35, हिला 31. चार मतांनी हरली.

तिला वाईट वाटलं, दोन दिवस कॉलेजला गेली नाही. तिसऱ्या दिवशी सफाळ्याच्या एका मुलाचा फोन आला, "आज मेसेज का नाही टाकलास?" तिने परत सुरू केलं. निवडून आलेल्या मुलानेही ते काम तिच्याकडेच ठेवलं.

पण मला सांगायचंय ते पुढचं. दिवाळीच्या आधी बाबा नेहमीप्रमाणे 11 पार्ट्यांच्या भरवशावर कागदाची मोठी ऑर्डर द्यायला निघाले होते. हिने वही काढली, तेच तीन रकाने आखले आणि म्हणाली, "बाबा, एकेकाला फोन लावू या." 11 पैकी हो पाच निघाले, चार बघू, दोन नाही. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कागद निम्माच मागवला.

आजचं काम

तुमचा धंदा सुरू असो की अजून डोक्यात असो, तुमच्याकडून घेणारच असं वाटणाऱ्या 20 जणांची नावं लिहा. आठवडाभरात प्रत्येकाला भेटून थेट विचारा. ‘बघू’ म्हणणाऱ्याला ‘हो’मध्ये धरू नका, त्याची अडचण विचारा. आणि कॉलेजात असाल तर या वर्षी एखाद्या पदासाठी उभे राहाच. हरलात तरी भांडवल बुडत नाही आणि मागायची लाज कायमची जाते.

भेटू पुढच्या व्हिडिओत!