प्रश्नांसाठी राखलेली पस्तीस मिनिटं

बिबवेवाडीच्या अप्पर इंदिरानगरात विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ पासून आहे. २०२२ साली जी मुलं इथे बीटेकच्या पहिल्या वर्षाला बसली, त्यांचं जवळजवळ सगळं शिक्षण नगरसेवक नसलेल्या शहरात झालं. पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक आले आणि मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. कॉलेजात राजकारणावर व्याख्यान ठेवायचं असेल, तर सुरुवात इथूनच करावी.

‘लोकशाहीपुढील आव्हाने’ असा विषय लावला की वक्ता कुठूनही कुठेही जातो आणि मुलं मोबाइल काढतात. त्याऐवजी विचारावं: नगरसेवक नसताना आपल्या भागातल्या ड्रेनेजच्या कामाला मंजुरी कोण देतं? उत्तर शोधताना अख्खी यंत्रणा उलगडते. एरवी प्रशासनाचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे आणि मुख्य सभेपुढे जातो, तिथे त्यावर हरकती येतात. प्रशासक असताना या दोन्हींचे अधिकार त्याच्याकडेच असतात. म्हणजे मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी, ही तरतूद ७४व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून लागू आहे. तरी ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांवरचे वाद सर्वोच्च न्यायालयात गेले आणि निवडणूक लांबत गेली. एवढ्या एका प्रश्नात घटना, न्यायालय, महापालिका आणि आपली गल्ली असं सगळं येतं.

वक्ता ठरला की वेळ आखायची, आणि ती शेवटाकडून. हाताशी नव्वद मिनिटं आहेत असं धरा. त्यातली पस्तीस आधी प्रश्नांसाठी बाजूला काढा. उरलेल्या पंचावन्नमध्ये वक्त्याची पस्तीस, वेगळं मत असलेल्या दुसऱ्या वक्त्याची दहा, आणि स्वागत, परिचय, आभार मिळून दहा. आपल्याकडे सत्कार, शाल, श्रीफळ आणि मान्यवरांचं मनोगत यांतच अर्धा तास जातो, मग ‘वेळेअभावी दोनच प्रश्न घेऊ’ अशी घोषणा होते. हा श्रोत्यांवर अन्याय आहे, आणि तो थांबवणं पूर्णपणे संयोजकांच्या हातात असतं.

पुण्याला व्याख्यानांची परंपरा नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. वक्तृत्वोत्तेजक सभा ती चालवते, आणि उन्हाळ्यात रोज एक व्याख्यान हा तिचा शिरस्ता. पण ऐकण्याची सवय शहराला जितकी लागली, तितकी विचारण्याची लागली नाही, असं माझं मत आहे.

विचारण्याची रीत संसदेकडून घ्यावी. लोकसभेत बैठकीचा पहिला तास प्रश्नांचा. ज्या प्रश्नावर तारा, म्हणजे फुली, असते त्याचं उत्तर मंत्र्याने उभं राहून द्यायचं. असे तारांकित प्रश्न दिवसाला वीस. बाकीच्यांची उत्तरं लेखी येतात. खरी मेख पुरवणी प्रश्नात आहे. तयार करून आणलेलं उत्तर वाचून झालं की सदस्य त्याच उत्तरावर पुढचं विचारतो, आणि तिथे कागद कामाला येत नाही.

कॉलेजच्या सभागृहात हे असं करता येतं. व्याख्यान सुरू होण्याआधीच कोऱ्या चिठ्ठ्या रांगांमधून फिरवा. चिठ्ठीवर नाव ऐच्छिक, पण प्रश्न एकच आणि दोन ओळींचा. व्याख्यान चालू असतानाच दोन विद्यार्थी त्या गोळा करतात आणि शेवटच्या बाकावर बसून तीन गठ्ठे लावतात: माहिती विचारणारे, वक्त्याचं म्हणणं खोडणारे, आणि एकाच मुद्द्यावर पुन्हा पुन्हा आलेले. तिसऱ्या गठ्ठ्यातून एकच चिठ्ठी घ्यायची. दुसऱ्या गठ्ठ्यातला प्रश्न मात्र आधी वाचायचा, कारण अडचणीचे प्रश्न शेवटाला ठेवले की ते गळतात. ज्याची चिठ्ठी वाचली त्याला एक पुरवणी प्रश्न, माइक हातात देऊन. अध्यक्षांचं काम घड्याळ सांभाळायचं. ‘प्रश्न विचारा, भाषण नको’ हे त्यांनी प्राध्यापकालाही तितक्याच ठामपणे सांगावं. चिठ्ठीचा आणखी एक फायदा: जी मुलगी दोनशे जणांसमोर उभी राहायला बिचकते, तिचाही प्रश्न व्यासपीठापर्यंत पोहोचतो.

परवानगीचं थोडक्यात. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. त्यात विषय, वक्ते आणि वेळ स्पष्ट असू द्या. आचारसंहिता लागू असेल, तर कॉलेजच्या आवारात राजकीय सभा घेण्यासाठी व्यवस्थापनाची संमती आणि निवडणूक यंत्रणेची पूर्वपरवानगी लागते, आणि वर्ग बुडता कामा नयेत. शक्यतो निवडणूक नसतानाच कार्यक्रम ठेवा. तेव्हा वक्तेही मोकळेपणाने बोलतात.

आणि एक काम विसरू नका. सभागृहाच्या दारात एक टेबल मांडा, त्यावर मतदार नोंदणीचा नमुना ६ ठेवा. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते १९८९ मध्ये. आता तर सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, आणि पात्रतेच्या तारखा वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. व्याख्यान ऐकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारा, ‘तुझं नाव यादीत आहे का?’