गृहकर्जाचे हप्ते थकलेत? घर वाचवण्याची मुदत लिलावाच्या आधीच संपते. जाणून घ्या नियम

नोकरी गेली, घरात आजारपण आले की गृहकर्जाचा हप्ता चुकतो. एखादा हप्ता चुकला म्हणून बँक लगेच घराला टाळे लावू शकत नाही. मात्र, लिलावाच्या दिवसापर्यंत पैसे भरले तरी घर वाचते, हा समजही चुकीचा आहे.

सरकारने आतापर्यंत काय केले?

कोविडकाळात रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. या काळात व्याज मात्र सुरूच राहिले. २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर चक्रवाढ आणि सरळ व्याजातील फरकाची रक्कम केंद्र सरकारने भरली. त्यानंतर कर्जाची मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवून देण्याची सवलतही मिळाली. या योजनांची मुदत आता संपली आहे. सध्या हप्त्यांची फेररचना करायची की नाही, हे बँक आपल्या धोरणानुसार ठरवते.

हप्ते थकल्यावर काय होते?

- थकबाकी ९० दिवसांहून जुनी झाली की खाते 'एनपीए' ठरते.
- त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँक नोटीस देते. पैसे भरण्यासाठी ६० दिवस मिळतात.
- या मुदतीत पैसे न भरल्यास न्यायालयात दावा न लावताही बँक घराचा ताबा घेऊ शकते. त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मदत घेता येते.
- पहिल्या लिलावापूर्वी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते.

शेवटची संधी कधी?

२०१६ मध्ये या कायद्यात बदल झाला. लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी संपूर्ण थकबाकी आणि खर्च भरला, तरच घर सोडवण्याचा हक्क राहतो. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२३ मधील निकालात हेच स्पष्ट केले. सूचना प्रसिद्ध झाल्यानंतर कर्जदार पैसे घेऊन आला, तरी घर परत देण्याचे बंधन बँकेवर नाही.

कर्जदाराने काय करावे?

- ९० दिवस उलटण्याआधीच बँकेला लेखी अर्ज द्या. मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची मागणी करा. मुदत वाढली की एकूण व्याज वाढते, हेही लक्षात ठेवा.
- ६० दिवसांच्या नोटिशीवर लेखी आक्षेप घ्या. तो फेटाळल्यास बँकेने १५ दिवसांत कारणे कळवणे बंधनकारक आहे.
- ताब्याची कारवाई झाल्यास ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ही न्यायाधिकरणे आहेत.
- सेवेबाबतच्या तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते.

लिलावानंतर काय?

विक्रीतून थकबाकी आणि खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम कर्जदाराला परत मिळते. पण रक्कम कमी पडली, तर उरलेले कर्ज बँक कर्जदाराकडून वसूल करू शकते. म्हणजे घर गेले तरी कर्ज मागे राहू शकते. त्यामुळे हप्ता भरणे जमणार नाही असे दिसताच बँकेची पायरी चढलेली बरी. नोटिशीचे पाकीट न घेता परत पाठवले, म्हणून कारवाई थांबत नाही.