मंद लाटेसाठी लांब फळी

समुद्रकिनारी उभे राहून, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे तरंगणारी एखादी करवंटी तुम्ही कधी न्याहाळली आहे का? लाट आली की करवंटी वर चढते, किंचित पुढे सरकते. लाट गेली की खाली येते आणि जवळजवळ पहिल्याच जागी परतते. लाट पुढे जाते, पाणी मात्र जागच्या जागी फेर धरते, हे तुम्ही पुस्तकात वाचले असेलच. मग हवाई बेटांतील होनोलुलू शहराच्या वायकीकी किनाऱ्यावर फळीवर उभी राहिलेली माणसे लाटेबरोबर दूरवर घसरत येतात, ती कशी? करवंटीला मागे टाकणारी लाट माणसालाच तेवढी बरोबर का घेते?

याचे उत्तर लाटेच्या उतारात आहे. लाटेचा किनाऱ्याकडचा भाग म्हणजे पाण्याची टेकडीच. फळी या टेकडीवरून गुरुत्वाकर्षणाने खाली घसरू लागते. पण टेकडी स्वतःच पुढे चाललेली असते आणि तिच्या पुढच्या अंगातील पाणी सतत वर चढत असते. वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावरून खाली उतरू पाहणारा माणूस जसा एकाच उंचीवर राहतो, तशी फळी लाटेच्या एकाच उंचीवर राहते व लाटेच्या वेगाने किनाऱ्याकडे येते. मात्र त्यासाठी एक अट आहे. लाट खालून निघून जाण्यापूर्वी फळीने लाटेचा वेग गाठला पाहिजे. करवंटीला हे जमत नाही.

हा वेग किती? उथळ पाण्यातील लाटेचा वेग काढण्यासाठी पाण्याची खोली आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे आठ दशांश झाली की ती फुटते. म्हणजे ६० सेंटिमीटर उंचीची, जेमतेम मांडीपर्यंत येणारी लाट सुमारे ७५ सेंटिमीटर पाण्यात फुटेल, आणि तेथे तिचा वेग सेकंदाला सुमारे २.७ मीटर असेल. तीन मीटरची लाट पावणेचार मीटर खोलीवरच फुटते; तिचा वेग सेकंदाला ६ मीटर. लहान लाट हळू जाते, तेव्हा तिला गाठणे सोपे, असे तुम्ही म्हणाल. येथेच फसगत आहे. मोठ्या लाटेचा उतार भिंतीसारखा उभा होतो आणि स्वाराला खाली खेचतो. मंद लाटेचा उतार मात्र सहास एक इतकाच असला, तर माणूस व फळी मिळून ६६ किलो वजनापैकी उताराच्या दिशेने अवघे ११ किलो बल मिळते. पाण्याचा रोध याहून अधिक झाला की लाट खालून निघून गेलीच म्हणून समजा. मंद लाटेसाठी फळी निवडायची म्हणजे या ११ किलोंची उधळपट्टी न करणारी फळी निवडायची.

आता दोन फळ्या समोर ठेवू. एक आखूड: १८० सेंटिमीटर लांब, ४८ रुंद आणि ६ जाड. दुसरी लांब: २८० लांब, ५७ रुंद, साडेसात जाड. तिन्ही मापांचा गुणाकार करा. टोके निमुळती व कडा गोलसर असल्यामुळे प्रत्यक्ष घनफळ त्या गुणाकाराच्या सहा दशांशांहून किंचित कमी भरते. आखूड फळी सुमारे ३० लिटरची निघेल आणि लांब फळी सुमारे ७० लिटरची. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून थोडे जड, म्हणून आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पूर्ण बुडाल्यावर पहिली ३१ किलो उचलेल आणि दुसरी ७२ किलो.

समजा, तुमचे वजन ६० किलो आहे. लांब फळी ६ किलोची धरली तर एकूण भार ६६ किलो. ती तुम्हाला पाण्याबाहेर धरून तरंगते. आखूड फळी ३ किलोची असली तर भार ६३ किलो. त्यातील ३१ किलो फळीने उचलल्यावर उरलेले ३२ किलो कोण उचलणार? तुमचेच शरीर! ते निम्म्याहून अधिक बुडते तेव्हा कुठे तोल साधतो. बुडालेली छाती आणि मांड्या घेऊन हातांनी वल्हवणे म्हणजे ओले पोते ओढत धावण्यासारखे आहे.

फळीच्या लांबीचाही स्वतंत्र फायदा आहे. पाण्यावरून जाणारी वस्तू स्वतःच्या लाटा उठवते, आणि तिची चाल एका मर्यादेपलीकडे गेली की त्या लाटा उठविण्यातच बहुतेक शक्ती खर्ची पडते. विल्यम फ्रूड (१८१०–१८७९) या इंग्रज अभियंत्याने जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यातून ओढून या रोधाचा अभ्यास केला. मर्यादेचे ढोबळ सूत्र असे: पाण्याला टेकलेली लांबी मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि १.२५ ने गुणा. आखूड फळीसाठी उत्तर येते सेकंदाला १.७ मीटर, लांबीसाठी २.१ मीटर. आपली लाट २.७ मीटरने चालली आहे. उरलेले अंतर उताराने भरून काढायचे, आणि ते लांब फळीच्या बाबतीत जवळजवळ निम्मेच राहते. म्हणून लांब फळीवरचा स्वार लाट पुरती उभी राहण्याआधीच, सौम्य उतारावरच ती पकडतो.

एकदा वेग आला की फळी नुसती तरंगत नाही. पाण्यावर सपाट दगड टप्पे खात जावा तशी तिला खालून उचल मिळते. ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तीन मीटरच्या लाटेशी तुलना केली तर आपल्या लाटेवर तेवढ्याच पृष्ठभागाला फक्त पाचवा हिस्सा उचल मिळेल. ही उणीव रुंदीने भरून काढावी लागते. तळही शक्यतो सपाट हवा. फळीचे टोक थोडे वर वळवतात, नाहीतर ते पाण्यात घुसून स्वार डोक्यावर आपटतो. पण हा बाक मंद लाटेवर जास्त असला तर फळी पाणी कापण्याऐवजी ते पुढे ढकलत बसते. दुकानात नव्या माणसाचे लक्ष रंगांकडे जाते. मला विचाराल तर फळी आडवी धरून एका डोळ्याने तिचा बाक आधी पाहावा.

जुन्या हवाईकरांना हे अनुभवाने ठाऊक होते. त्यांच्या ‘ओलो’ नावाच्या फळ्या चार-साडेचार मीटर आणि त्याहूनही लांब असत, आणि न फुटता संथ येणाऱ्या लाटांवर त्या वापरत. त्या विलीविली नावाच्या हलक्या लाकडाच्या करीत. हे झाड म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा भाऊबंद. दोघांची प्रजाती एकच. पाकी नावाच्या सरदाराच्या अशा जुन्या फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आहेत. १९२६ च्या सुमारास टॉम ब्लेक या अमेरिकन तरुणाने त्या दुरुस्त केल्या. मग तशीच फळी बनवताना वजन घटवण्यासाठी त्याने तिला शेकडो भोके पाडली आणि वरून पातळ लाकूड बसवून ती बंद केली. पोकळ फळीचा आरंभ असा झाला. १९३५ मध्ये त्यानेच फळीच्या तळाला मागे पहिला पंख लावला. त्यापूर्वी फळीची शेपूट बाजूला घसरू नये म्हणून स्वार एक पाय पाण्यात ओढत ठेवीत!

आता फळीच्या कडा. नळाची बारीक धार सोडा, चमचा दोन बोटांत सैल धरा आणि त्याची फुगीर पाठ धारेला अलगद लावा. चमचा दूर ढकलला जाण्याऐवजी धारेत ओढला जातो. वक्र पृष्ठभागाला पाणी चिकटून वळते आणि त्या पृष्ठभागाला आपल्याकडे खेचते. शेपटीची कड गोल असेल तर हेच घडते. पाणी तिला खाली ओढते आणि वेग कमी होतो. कड धारदार असेल तर पाणी सुटून निघते. तेव्हा वेग हवा असेल तर मागची कड धारदार घ्यावी, हे उघड आहे. पण वायकीकीच्या पद्धतीने फळीवर चालत जाऊन अगदी टोकाशी उभे राहण्याची हौस असेल, तर निवड उलटी होते. टोकाशी गेलेल्या ६० किलो वजनाने फळी पुढे कलंडायला हवी. तसे होऊ न देण्यास गोल शेपटीला खाली ओढणारे आणि तिच्यावरून वाहणारे पाणीच मदत करते. एकीकडचा दोष दुसरीकडे उपयोगी पडतो.

याची किंमत वळताना मोजावी लागते. लांब दांड्याला मधोमध धरून फिरवायला होणारा विरोध वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग या प्रमाणात असतो. आपल्या दोन फळ्यांचा हिशेब करा: लांब फळीचा विरोध सुमारे पाचपट येईल. म्हणून ती वळवताना स्वार तीन-चार पावले मागे चालत जातो, शेपटीवर भार देतो, टोक पाण्याबाहेर काढतो आणि मग फिरतो. गर्दीत मात्र तेवढी सवड मिळत नाही. हातून सुटलेली सहा किलोची फळी पुढच्या पोहणाऱ्याच्या डोक्यावर बसू शकते, म्हणून ती पायाला दोरीने बांधतात. दोरीला फळीएवढी लांबी असतेच, म्हणजे फळी दोरीच्या टप्प्यापर्यंत तरी मोकळीच. तेव्हा मागे वळून पाहिल्याशिवाय ती सोडू नये आणि पाण्यातून वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरावेत.