माशातील स्निग्धांशाची प्रकाशपरीक्षा

शिरूर व दौंड तालुक्यांतील दूध उत्पादकाला 'फॅट' हा शब्द नव्याने शिकवावा लागत नाही. संकलन केंद्रावर स्निग्धांश पाहूनच दुधाचा भाव ठरतो. घोड व भीमा नद्यांतील, तसेच उजनी जलाशयाच्या फुगवट्यातील कटला, रोहू, मृगळ हे मासे मात्र जात, आकार व ताजेपणा पाहून वजनावर विकले जातात. त्यांच्या मांसात कोणता आणि किती स्निग्धांश आहे, हे तराजू सांगू शकत नाही.

वस्तुतः माशाचा गुण आणि त्याचे नाशवंतपण, या दोहोंशी स्निग्धांशाचा निकटचा संबंध आहे. मटणाचा रस्सा निवला की वर चरबीचा थर गोठतो; माशाचे तेल मात्र थंडीतही सहसा पातळ राहते. त्यातील अनेक वसाम्लांच्या कार्बन अणूंमध्ये ठिकठिकाणी दुहेरी बंध असतात, हे त्याचे कारण. आहारदृष्ट्या मोलाची ओमेगा-३ वसाम्ले याच वर्गातील. परंतु या बंधांच्या लगतच हवेतील प्राणवायू शिरकाव करतो आणि मासा खवट होऊ लागतो. बर्फाने ही क्रिया मंदावते, थांबत नाही.

स्निग्धांश वेगळा काढण्याची एक रूढ पद्धत १९५९ साली कॅनडातील ब्लाय व डायर या शास्त्रज्ञांनी कॉड माशाच्या मांसावर सिद्ध केली. तीत मांस बारीक करून क्लोरोफॉर्म व मिथेनॉलमध्ये घुसळावे लागते. तपासलेला तुकडा अर्थातच खाण्यायोग्य उरत नाही. वर्णपटविज्ञानाची वाट निराळी आहे. प्रत्येक रासायनिक बंध ठरावीक लांबीच्या प्रकाशलहरी शोषतो. मांसावर अवरक्त प्रकाश टाकून परतलेल्या प्रकाशात कोणत्या लहरी उणावल्या, हे उपकरण टिपते.

अडचण आहे ती पाण्याची. माशाच्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते आणि ते अवरक्त किरण भरपूर शोषून स्निग्धांशाची खूण झाकते. येथे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा १९२८ सालचा शोध कामी येतो. पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाच्या काही अंशाची तरंगलांबी बदलते. त्यात पाण्याचा संकेत क्षीण, तर दुहेरी बंधांचा ठळक उमटतो.

उपकरण आणले की काम झाले, असे मात्र नाही. थंड समुद्रातील सामन माशावरून बसवलेले प्रमाण भीमेतील कटल्याला तसेच लावता येत नाही. येथील मासे निरनिराळ्या हंगामांत आधी रासायनिक पद्धतीने तपासून, त्यांच्याशी प्रकाशाचे आकडे जुळवावे लागतात. शिवाय दुधाप्रमाणे मासा ढवळून एकजीव करता येत नाही. पोटाकडील मांसात पाठीपेक्षा स्निग्धांश बहुधा अधिक असतो; त्यामुळे प्रकाश नेमका कोठे टाकला, याचीही नोंद ठेवावी लागते.