पोटात टोचलेली साखर

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला रोज ठरल्या वेळी एक छोटं इंजेक्शन मिळतं. दंडात नाही, कमरेत नाही, थेट पोटात. सिस्टर बेंबीपासून चार बोटं बाजूला कातडीची चिमूट धरतात, सुई सरळ आत घालतात, दट्ट्या हळूहळू दाबतात आणि सुई बाहेर आल्यावरच चिमूट सोडतात. सिरिंज कारखान्यातूनच भरून आलेली असते. आत ०.४ मिलिलिटर औषध, म्हणजे जेमतेम आठ थेंब, आणि वर हवेचा एक बुडबुडा. एरवी इंजेक्शन देण्याआधी हवा काढून टाकतात, हा बुडबुडा मात्र मुद्दाम ठेवलेला असतो. सुई खालच्या बाजूला असली की तो तरंगत औषधाच्या वर राहतो आणि शेवटचा थेंबही आत ढकलतो. टोचलेली जागा चोळायची नाही, चोळली तर काळीनिळी पडते. नातेवाइकांनी विचारलं, ‘कसलं इंजेक्शन?’ तर उत्तर ठरलेलं असतं: रक्त पातळ करायचं.

गंमत अशी, की या औषधाने रक्त पातळ होत नाही. इंजेक्शनच्या आधी ते जेवढं दाट होतं, तेवढंच नंतरही असतं. आधी झालेली गुठळीही याने विरघळत नाही. त्याहून मोठी गंमत म्हणजे रक्त गोठवणाऱ्या रेणूंना अडवण्याचं कामसुद्धा हे औषध स्वतः करत नाही. ते काम करणारं प्रथिन आपल्या रक्तात जन्मापासून फिरत असतं. औषध फक्त त्याला जागं करतं.

रक्ताला दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात. विळीवर बोट कापलं की काही मिनिटांत तिथे गोठायचं आणि इतरत्र आयुष्यभर वाहत राहायचं. गोठण्याच्या साखळीत शेवटी थ्रॉम्बिन नावाचं प्रथिन तयार होतं आणि ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे धागे करतं. त्या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकल्या की झाली गुठळी. जखमेवर ती हवीच असते, पण भलत्या ठिकाणी झाली तर जिवावर बेतते. पायाच्या खोल शिरांमधलं रक्त वर चढतं ते मुख्यतः पोटरीचे स्नायू दाबले गेल्यामुळे. माणूस दिवसेंदिवस पडून राहिला की तिथे रक्त रेंगाळतं. ऑपरेशनमध्ये शिरांना इजा झालेली असते आणि जखम भरून काढण्याच्या घाईत रक्तही गोठायला टपलेलं असतं. पायात झालेली गुठळी तुटली, तर हृदयातून थेट फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. फुप्फुसातल्या अशा गुठळ्या बहुधा दुसरीकडून वाहत येतात, हे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवलं. अशा वाहत आलेल्या गुठळीला त्यांनी ‘एम्बोलस’ म्हटलं आणि ते नाव आजही चालतं. गुठळी होते हे असं कळलं, पण ती थोपवणारं औषध हाती यायला पुढे ऐंशीएक वर्षं लागली. आणि ते सापडलं ते नेमकं उलट गोष्ट शोधताना.

१९१६ साल, अमेरिकेतलं बाल्टिमोर. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम हॉवेल हे रक्त गोठण्याचे जाणकार मानले जात. जे मॅकलीन नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला त्यांनी एक काम दिलं. मेंदूतून काढलेला एक स्निग्ध पदार्थ रक्त झपाट्याने गोठवतो, तो शुद्ध करून बघ. मॅकलीनने मेंदूबरोबर हृदयाचा आणि यकृताचा अर्कही काढला. काही नमुने बरेच दिवस पडून राहिले. ते तपासले तेव्हा त्यांची गोठवण्याची ताकद संपलेली होती आणि यकृताचा अर्क तर रक्ताला गोठूच देईना. मॅकलीनने पुढे लिहून ठेवलं आहे, की त्याने मांजराच्या रक्तात हा अर्क ढवळला, ते भांडं हॉवेल यांच्या टेबलावर ठेवलं आणि हे गोठलं की मला सांगा, असं म्हणाला. ते गोठलंच नाही.

हॉवेल यांनी १९१८ मध्ये एमेट होल्ट या सहकाऱ्याबरोबर या पदार्थाला ‘हेपॅरिन’ असं नाव दिलं. ‘हेपार’ म्हणजे ग्रीक भाषेत यकृत. पुढच्या काही वर्षांत त्यांनी पाण्यात विरघळणारा वेगळाच पदार्थ मिळवला. मॅकलीनचा पदार्थ स्निग्ध होता, हा मात्र साखरेच्या जातीचा निघाला. आज आपण ज्याला हेपॅरिन म्हणतो ते हेच. मोजायचं कसं, हाही प्रश्नच होता, कारण वजनावरून ताकद कळत नव्हती. मग हॉवेल यांनी माप ठरवलं तेही मांजराच्याच रक्तावर: एक मिलिलिटर रक्त शून्य अंश तापमानाला चोवीस तास गोठू न देणारं हेपॅरिन म्हणजे एक युनिट. आजचं आंतरराष्ट्रीय युनिट निराळ्या पद्धतीने ठरतं, पण हेपॅरिनची बाटली अजूनही युनिटांतच मोजली जाते.

सुरुवातीचं हेपॅरिन माणसाला देण्याच्या लायकीचं नव्हतं. त्यातल्या अशुद्ध द्रव्यांनी थंडी वाजायची, ताप यायचा. इन्शुलिनच्या शोधात ज्यांचा वाटा होता, त्या चार्ल्स बेस्ट यांनी टोरांटोत हे काम हाती घेतलं. त्यांचे सहकारी आर्थर चार्ल्स आणि डेव्हिड स्कॉट खाटीकखान्यातून गुराढोरांची यकृतं आणत. यकृत थोडं सडू दिलं की हेपॅरिन जास्त निघतं, हे त्यांच्या लक्षात आलं. तिथल्या वासाची कल्पनाच केलेली बरी. पुढे फुप्फुसं आणि आतडीही चालतात असं कळलं. स्टॉकहोममध्ये एरिक योर्पेस त्याच वाटेवर होते. हेपॅरिनमध्ये गंधक ठासून भरलेलं आहे, हे त्यांनी दाखवलं. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात टोरांटोत गॉर्डन मरे आणि स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफूर्ड या सर्जननी ते पेशंटना द्यायला सुरुवात केली.

हेपॅरिन काम कसं करतं, हे उलगडलं ते नंतर. हेपॅरिन म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबलचक माळ आणि तिच्यावर ठिकठिकाणी गंधकाचे ऋणभारित गट. सजीवांमधल्या ज्ञात रेणूंमध्ये इतका दाट ऋणभार दुसऱ्या कुणावर नाही. आपल्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचं एक प्रथिन असतं आणि ते उंदराच्या चापासारखं चालतं. त्याच्या अंगातून एक कडी बाहेर आलेली असते, तेच आमिष. थ्रॉम्बिन तिचा चावा घेतं, त्याच क्षणी चाप मिटतो आणि थ्रॉम्बिन चापाच्या दुसऱ्या टोकाला फेकलं जातं. या झटक्यात त्याचा आकारच असा बिघडतो, की ते कायमचं निकामी होतं. पण एरवी हा चाप सुस्त असतो, आमिष धड पुढे आलेलं नसतं. हेपॅरिन येऊन चिकटलं की आमिष पुढे सरकतं, थ्रॉम्बिन चापापर्यंत ओढलं जातं आणि पकडण्याचा वेग सुमारे हजारपट वाढतो. चाप मिटल्यावर हेपॅरिनची पकड सुटते आणि ते पुढच्या चापाकडे जातं. एकच माळ अशी कित्येक चाप लावत सुटते.

सगळी माळ हे काम करत नाही. १९७० च्या दशकात आणि त्यानंतर स्वीडनमध्ये उल्फ लिंडाल, अमेरिकेत रॉबर्ट रोझेनबर्ग आणि फ्रान्समध्ये झां शोए यांच्या प्रयोगशाळांनी शोधून काढलं, की अँटिथ्रॉम्बिन ओळखतं ते एका विशिष्ट क्रमातल्या पाच साखरांना. त्यांतल्या मधल्या साखरेवर एका जागी गंधकाचा एक दुर्मीळ गट असतो. तो काढला तर पकड जवळजवळ सुटते. औषधाच्या बाटलीतल्या माळांपैकी जेमतेम एक तृतीयांश माळांवर या पाच साखरा असतात. बाकीच्या या कामात नुसत्या सोबतीला.

मग या पाच साखरा प्रयोगशाळेत जोडल्या तर? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ते करून दाखवलं. पन्नासाहून जास्त पायऱ्यांची ती रासायनिक कसरत होती. त्यातून निघालेलं फोंडापारिनक्स २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यात प्राण्याच्या शरीरातलं काहीच नाही.

मूळ हेपॅरिन आजही मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. गंमत म्हणजे आतड्यातून काढलेलं हे औषध तोंडावाटे घेतलं तर आतडं ते आत घेत नाही, रेणू मोठा आणि भार जबरदस्त. म्हणून सुई. शिरेतून दिलेलं हेपॅरिन तास-दीड तासात निम्मं होतं, म्हणून ड्रिप लावून ठेवायची आणि पुन्हा पुन्हा रक्त तपासून वेग कमीजास्त करायचा. मग माळा तोडून आखूड केल्या गेल्या आणि एनॉक्सापारिन आलं, सुरुवातीच्या त्या सिरिंजमधलं. थ्रॉम्बिनला चापापर्यंत ओढायला निदान अठरा साखरांची लांबी लागते. पण गोठण्याच्या साखळीत त्याच्या आधीच्या टप्प्यावरच्या दहाव्या घटकाला पकडायला त्या पाच साखरा पुरतात. आखूड माळ मुख्यतः त्या घटकावर काम करते, शरीरात जास्त वेळ टिकते आणि तिचा परिणाम बराचसा अंदाजात राहतो. त्यामुळे रोज रक्त तपासावं लागत नाही. पायात गुठळी झालेल्या अनेक पेशंटना घरीच इंजेक्शन देता येतं, हे १९९६ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं. करोनाच्या लाटांत महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना पोटातलं हे इंजेक्शन पहिल्यांदा कळलं, कारण तो आजार रक्ताला गोठायला प्रवृत्त करत होता.

गुठळी विरघळवत नसेल, तर हे औषध पेशंटला वाचवतं कसं? रक्तात प्लाझ्मिन नावाचं आणखी एक प्रथिन असतं आणि ते गुठळी हळूहळू कुरतडत असतं. पण एका बाजूने कुरतडली जात असताना दुसऱ्या बाजूने ती वाढतच राहिली, तर काय उपयोग? हेपॅरिन वाढ थांबवतं आणि शरीराला वेळ मिळवून देतं. हे खरंच जीव वाचवतं का, याची पहिली कसोटी ब्रिस्टलमध्ये झाली. डी. डब्ल्यू. बॅरिट आणि एस. सी. जॉर्डन यांनी १९६० मध्ये फुप्फुसात गुठळी झालेल्या ३५ पेशंटचा अभ्यास छापला. औषध न मिळालेल्या १९ पैकी ५ जण त्या गुठळीने गेले, औषध मिळालेल्या १६ पैकी एकही नाही. आकडे लहान, पण त्यानंतर औषध न देता तुलना करून पाहायचं धाडस कुणाला होईना.

गुठळी होऊच नये म्हणून औषध द्यायची कल्पना मोठ्या प्रमाणावर तपासली ती लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधले भारतीय वंशाचे सर्जन विजय कक्कर यांनी. १९७५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने अनेक देशांत मिळून झालेल्या अभ्यासात ४,१२१ पेशंट होते. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काहींना कातडीखाली हेपॅरिनचा छोटा डोस दिला, काहींना नाही. फुप्फुसातल्या मोठ्या गुठळीने औषध न मिळालेल्या गटात १६ जण दगावले, औषध मिळालेल्या गटात २.

जिथे रक्त शरीराबाहेर नळ्यांतून फिरवावं लागतं, तिथे तर हेपॅरिनशिवाय पान हलत नाही. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं भोक बुजवलं, तेव्हा हृदयाचं काम सुमारे २६ मिनिटं यंत्राने केलं. त्या यंत्रात रक्त गोठलं नाही ते हेपॅरिनमुळे. डायलिसिसचंही तसंच. गरोदरपणात गोळ्यांपेक्षा हेच पसंत करतात, कारण हा रेणू वारेतून बाळापर्यंत जात नाही.

दुसरी बाजूही आहे. डोस जास्त झाला तर रक्तस्राव. त्यावरचा उतारा मूळचा सॅमन माशाच्या वीर्यातून आला: प्रोटामाइन. त्याचा धनभार हेपॅरिनच्या ऋणभाराला कवटाळतो आणि चाप पुन्हा सुस्त होतो. क्वचित शरीर हेपॅरिन आणि प्लेटलेटमधलं एक प्रथिन यांच्या जोडीविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं. मग प्लेटलेट घटतात आणि गुठळ्या वाढतात. हे सहसा पाच ते दहा दिवसांत घडतं, म्हणूनच या काळात प्लेटलेटवर लक्ष ठेवतात. आखूड माळा किडनीवाटे बाहेर जातात, त्यामुळे किडनी अशक्त असेल तर डोस बदलावा लागतो. २००८ मध्ये तर कच्च्या हेपॅरिनमध्ये दुसरीच एक सल्फेटयुक्त साखर मिसळलेली निघाली. चाचणीत तीही रक्ताला गोठू देत नव्हती, म्हणून ती हेपॅरिन म्हणून खपली. पण पेशंटचा रक्तदाब एकाएकी घसरू लागला आणि मृत्यूही झाले. ही साखर कोणती आणि ती घात कशी करते, हे उलगडणाऱ्यांत एमआयटीचे राम शशिशेखरन यांचा गट होता.

एवढं सगळं झाल्यावर एक साधा प्रश्न उरतो. प्राण्यांच्या शरीरात हेपॅरिन असतं तरी कशाला? निरोगी माणसाच्या वाहत्या रक्तात ते जवळजवळ सापडत नाही. ते असतं मास्ट पेशींच्या कोठारांत, ॲलर्जीच्या वेळी सुटणाऱ्या हिस्टामाइनशेजारी. ज्या उंदरांना हेपॅरिन बनवताच येत नव्हतं, ते जगले आणि त्यांना पिल्लंही झाली. बिघाड दिसला तो मास्ट पेशींत, त्यांची कोठारंच धड भरलेली नव्हती. शिवाय हेपॅरिन शिंपल्यांतही सापडलं, तेही आपल्या कोकणातल्या तिसऱ्या ज्या कुळातल्या, त्याच कुळातल्या शिंपल्यांत. त्यांच्यात थ्रॉम्बिनची ही साखळी नाही आणि पकडायला थ्रॉम्बिनही नाही. रक्त गोठू न देणं हे बहुधा या रेणूचं मूळ काम नव्हेच. निसर्गाने त्याला कोठारात माल बांधून ठेवायला घडवलं असावं, आणि आपण त्याच्याकडून करून घेतोय ते त्याचं कधीच नसलेलं काम.